उजनीच्या काठाने गवताचा पट्टा राखला तर खतांचे पाणी अडेल का?

पाणकाठ (धागालेखक)

आमचे गाव उजनी जलाशयाच्या करमाळा तालुक्यातील काठावर आहे. येत्या ग्रामसभेत एक ठराव मांडावा, असे आम्हा काही जणांच्या मनात आहे. उसाच्या शेतांतून पावसाबरोबर वाहून येणारी माती आणि खत जलाशयात उतरण्यापूर्वी अडावे यासाठी काठाने दहा-पंधरा मीटर रुंदीचा गवताचा व झाडांचा पट्टा राखावा, त्यात नांगर घालू नये आणि खतही टाकू नये, असा ठरावाचा आशय आहे. मार्च उजाडला की पाणी हिरवे होऊ लागते, मे महिन्यात काठाला उग्र वास येतो आणि हेच पाणी पुढे सोलापूर, पंढरपूरपासून कित्येक गावांना प्यावे लागते, हे येथे नव्याने सांगायला नको.

असा पट्टा खरोखर उपयोगी पडतो का? पडत असेल तर तो किती रुंद असावा, त्यात काय लावावे आणि ज्याची जमीन त्यात जाईल त्याला काय सांगावे? पुण्याच्या सांडपाण्याचा विषय मला माहीत आहे. मात्र तो आमच्या ग्रामसभेच्या हातात नसल्याने चर्चा केवळ तिकडे नेऊ नये, ही विनंती.

सोलापुरी चादर

पुण्याचा विषय काढू नका असे सांगून आपण धाग्यावरचे निम्मे प्रतिसाद आधीच बाद केले आहेत! तरीही मी वाचत राहणार, कारण नळाला येणारे ते पाणी शेवटी मलाच प्यायचे आहे.

मुठेचा पूर

विनंतीचा मान राखूनही मला तो विषय काढणे भाग आहे. पवना मुळेला मिळते, मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते, इंद्रायणी त्याआधीच तुळापूरला भीमेत आलेली असते आणि या सर्वांचे पाणी अखेर उजनीत साठते. दोन महानगरांचे सांडपाणी बारा महिने, दिवसरात्र येत असते. ज्याचे शुद्धीकरण होते, त्यातील बहुतेक केंद्रे सेंद्रिय घाण कमी करण्यासाठी बांधलेली असतात. विरघळलेला फॉस्फेट त्यांतून बऱ्याच अंशी तसाच पुढे जातो. जपानी कर्जाच्या साहाय्याने पुण्यात ११ केंद्रांचा जो प्रकल्प २०१६ साली मंजूर झाला, त्याची चर्चा आम्ही किती काळ ऐकत आहोत, हे पुणेकरांना विचारा. अशा वेळी करमाळ्याच्या अल्पभूधारकाने दहा मीटर जमीन सोडावी असा ठराव करणे मला अन्यायाचे वाटते. मोठा नळ उघडा ठेवून ठिबकणारी तोटी आवळण्यासारखे ते आहे.

सरोवरशास्त्र

मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवत असे आणि गोड्या पाण्याचा अभ्यास हा माझा विषय होता, म्हणून दोन गोष्टी मांडतो.

पहिली गोष्ट फॉस्फरसची. १९७३ साली कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात एका लहान तळ्याच्या मधोमध पडदा लावून त्याचे दोन भाग करण्यात आले. संशोधकांच्या नोंदीत हे तळे ‘क्रमांक २२६’ म्हणून ओळखले जाते. एका भागात कार्बन आणि नत्र टाकले, तर दुसऱ्या भागात कार्बन, नत्र आणि फॉस्फरस असे तिन्ही टाकले. फॉस्फरस मिळालेला भाग काही आठवड्यांतच हिरवागार झाला आणि पडद्यापलीकडचा भाग स्वच्छ राहिला. निळ्या-हिरव्या शेवाळाच्या काही जाती हवेतून नत्र मिळवू शकतात, फॉस्फरस मात्र त्यांना पाण्यातूनच घ्यावा लागतो. त्यामुळे जलाशयात आधी फॉस्फरसकडे पाहावे, हा धडा तेव्हापासून घेतला गेला. नत्राकडे दुर्लक्ष करावे असा त्याचा अर्थ नाही. विहिरींतील नायट्रेटसाठी ते स्वतंत्रपणे पाहावेच लागते.

दुसरी गोष्ट म्हणजे ‘मुठेचा पूर’ यांचे म्हणणे खरे असले तरी त्यातून त्यांचा निष्कर्ष निघत नाही. सांडपाण्यातील फॉस्फरस मुख्यतः विरघळलेला असतो आणि रोज येतो. शेतातील फॉस्फरसचा मोठा भाग मातीच्या कणांना चिकटून येतो, तोही वर्षातील मोजक्या मोठ्या पावसांत. हे कण तळाशी बसतात आणि उन्हाळ्यात तळाचा प्राणवायू संपला की गाळातला फॉस्फरस पुन्हा पाण्यात मोकळा होतो. म्हणजे आज आलेली माती पुढील कित्येक उन्हाळे शेवाळाला पोसते. पुण्याचे सांडपाणी उद्या पूर्ण शुद्ध झाले तरी हा साठा लगेच संपणार नाही आणि त्यात दरवर्षी नवी भर पडू न देणे हेच काठावरच्या गावांचे काम उरते.

खोडवा

मी इंदापूर तालुक्यात ऊस करतो. शेतकऱ्यावर खापर फोडायला सगळेच पुढे असतात, पण खत कधी पडते हे कोणी विचारत नाही, म्हणून हिशेबच मांडतो.

आडसाली उसासाठी हेक्टरी ४०० किलो नत्र, १७० किलो स्फुरद (म्हणजे फॉस्फरसचे खत) आणि १७० किलो पालाश (पोटॅश) ही शिफारस आहे. लागण १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या दरम्यान होते. निम्मे स्फुरद लागणीच्या वेळी पडते. नत्राचा १० टक्के हप्ता लागणीला, ४० टक्के सहा ते आठ आठवड्यांनी, १० टक्के त्यानंतर आणि उरलेला ४० टक्के मोठ्या बांधणीला, म्हणजे उसाला मातीची भर देताना, असतो. सहा ते आठ आठवडे म्हणजे जवळजवळ पूर्ण सप्टेंबर! आमच्या भागात सर्वाधिक पाऊस सप्टेंबरमध्येच पडतो. त्या एका हप्त्यात हेक्टरी १६० किलो नत्र, म्हणजे एकरी ४५ किलोची युरियाची सुमारे तीन पोती सरीत पडतात आणि दोन दिवसांत ढगफुटीसारखा पाऊस आला तर त्यातले पिकाला किती आणि उजनीला किती मिळाले, हे वेगळे सांगायला नको.

हे सारे शिफारशीप्रमाणे चालणाऱ्याचे झाले. युरियाचे पोते २६६ रुपयांना आणि डीएपीचे १३५० रुपयांना मिळत असताना शेजाऱ्याचा ऊस अधिक काळा दिसला, की माणूस आणखी एक पोते युरिया टाकतोच. तेव्हा गवताच्या आधी खताच्या वेळेवर आणि मापावर बोलावे, असे माझे मत आहे. माझा सर्व ऊस ठिबकवर आहे. तोच नत्र मी विद्राव्य स्वरूपात लहान लहान हप्त्यांनी देतो आणि पावसाचा अंदाज असला की तो आठवडा सोडून देतो. पाचट (उसाची वाळलेली पाने) जाळत नाही, सरीत कुजवतो. हेक्टरी आठ ते दहा टन पाचट जमिनीवर पसरलेले असेल तर खोडव्यात, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसात, पाण्याबरोबर माती फारशी हलत नाही.

सोलापुरी चादर

ठराव सांगतो तेवढ्या रुंदीच्या गवतापेक्षा हवामान खात्याचा अचूक अंदाज मिळणे अधिक अवघड आहे, एवढे मात्र नम्रपणे सुचवतो.

वाळा

मृद संधारणाच्या कामात माझी नोकरी गेली, त्यामुळे मूळ प्रश्नाकडे येतो. गवताचा पट्टा उपयोगी पडतो, पण त्यासाठी वरून येणारे पाणी पट्ट्यावर पातळ आणि सारखे पसरले पाहिजे. शेतात ते तसे पसरत नाही. दोन-तीन सऱ्यांचे पाणी एकत्र येते, त्याची ओघळ होते आणि ती ओघळ जिथे पट्ट्याला भिडते तिथे दोन हात रुंदीची फट पाडून सरळ निघून जाते. उरलेला पट्टा कोरडाच राहतो. पंधरा मीटरचा पट्टा सोडा, पन्नास मीटरचा असला तरी ओघळीपुढे तो टिकणार नाही. म्हणून पट्ट्याच्या वर शेताच्या आतच समतल बांध, बांधावर वाळ्याची दाट रांग आणि सांडीला दगडी पिचिंग, अशी व्यवस्था करून पाणी आधी पसरवावे लागते.

आपल्या काळ्या मातीची अडचण आणखी वेगळी आहे. गवतात जाड कण चटकन अडकतात, पण फॉस्फरस मुख्यतः बारीक चिकणकणांना चिकटलेला असतो आणि ते कण गढूळ पाण्याबरोबर गवतातून पार होतात. त्यांना बसायला वेळ आणि संथ पाणी लागते. म्हणून काळ्या जमिनीत निव्वळ गवतापेक्षा ओढ्यावरच्या लहान पाणथळीचा उपयोग अधिक होतो.

तिसरा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. उजनीचा काठ म्हणजे नेमका कोणता? धरणाचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) आणि त्यातला सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा, म्हणजे अगदी तळाचा साठा, आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे ६० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे मृतसाठ्याच्याही बरेच खाली, गेले होते. अशा वर्षी पाणी काही ठिकाणी किलोमीटरच्या हिशेबाने मागे सरकते आणि उघड्या पडलेल्या गाळपेर जमिनीत पीक घेतले जाते. पावसाळ्यात पाणी पुन्हा चढते, तेव्हा त्या पिकाला घातलेले खत वाहून यायची वाटही पाहत नाही. जलाशयच त्याच्यावर येऊन बसतो. पूर्ण संचय पातळीच्या, म्हणजे धरण काठोकाठ भरल्यावरच्या पाण्याच्या, रेषेवर लावलेला पट्टा या जमिनीच्या वर राहतो, त्यामुळे त्याचा येथे काहीच उपयोग नाही.

पाणकाठ

हे आमच्या ध्यानात आले नव्हते, असे म्हणणार नाही. आम्ही गाळपेराचा विषय टाळला होता. तो काढला की सभा तेथेच मोडते. त्यावर काही मार्ग असेल तर सांगावा.

पळसनाथ

सभा का मोडते ते मी सांगतो. आमच्या घरची जमीन या जलाशयाखाली आहे. पाणी खूप उतरले की पळसनाथाचे जुने देऊळ उघडे पडते, छायाचित्रे काढायला गर्दी होते आणि वर्तमानपत्रांत ती छापूनही येतात. देवळाभोवतीच्या शेतांचे मालक कोण होते, ते सहसा छापून येत नाही. १९८० साली धरण पूर्ण झाले. ज्यांनी काळीभोर जमीन दिली त्यांच्या मुलानातवंडांनी उन्हाळ्यातले दोन-तीन महिने त्याच मातीत काही पिकवले, तर त्यांना प्रदूषण करणारे म्हणण्याआधी जरा थांबावे.

असे असूनही माझा ‘वाळा’ यांना विरोध नाही. गाळाची जमीन मुळातच इतकी सकस असते की तिथे रासायनिक खत घालण्याची गरज नसते. हिवाळ्यात पाणी उतरू लागले की ओलीवर हरभरा टाकावा आणि उन्हाळ्यात चाऱ्याची मका किंवा कडवळ घ्यावे. दुष्काळात चारापिकांसाठी गाळपेर जमिनी दिल्या गेल्याच होत्या. ‘गाळपेरात पीक घ्या, मात्र पोते उघडू नका’ अशी अट भाडेपट्ट्यातच घातली तर आमची माणसे ती मान्य करतील. ‘गाळपेर बंद’ म्हणालात तर मात्र नाही.

सरोवरशास्त्र

उत्तम सूचना आहे. चारा कापून बाहेर नेला जातो तेव्हा गाळातला थोडा फॉस्फरसही त्याच्याबरोबर जलाशयाबाहेर जातो. खत न घालता घेतलेला चारा म्हणजे जलाशयाच्या दृष्टीने वजाबाकी आहे. खत घालून घेतलेला चारा मात्र पुन्हा बेरजेकडे जातो.

नवखा

भाबडा प्रश्न आहे. जलपर्णी पाण्यातले खत शोषून घेते असे वाचले. मग ती काढण्यावर खर्च कशाला करायचा? राहू द्यावी की!

मुठेचा पूर

आमच्याकडून घेऊन जा, वाहतूक फुकट. ती तशीही दर पावसाळ्यात आपणहून तुमच्याकडेच येते.

सरोवरशास्त्र

नवखा, प्रश्न भाबडा नाही. जलपर्णी शोषते हे खरे, पण ती पाण्यातच मेली की शोषलेले सर्व परत देते आणि कुजताना प्राणवायूही संपवते. काढून काठावर ढीग लावला तरी पहिल्या पावसात त्यातला अर्क पुन्हा पाण्यात येतो. उपयोग व्हायचा तर ती दूर नेऊन तिचे कंपोस्ट करावे लागेल. वनस्पती लावण्याइतकेच ती कापून बाहेर नेणे महत्त्वाचे असते आणि हा नियम गवताच्या पट्ट्यालाही लागू आहे.

कॅटस्किलची वाट

मी न्यूयॉर्क राज्यात राहते. उजनीशी तुलना करताना आकार, पाऊस, पीक या सर्वांत फरक आहे, तरी येथील एक व्यवहार सांगण्याजोगा वाटतो. न्यूयॉर्क शहराचे बहुतेक पिण्याचे पाणी कॅटस्किल आणि डेलावेअर भागातील जलाशयांतून गाळण प्रकल्पाशिवाय येते. सुमारे ९० लाख लोक ते पाणी पितात. १९९० च्या सुमारास शहराने पाणलोटातील दूध-शेतकऱ्यांवर कडक नियम लादण्याचा प्रस्ताव आणला, तेव्हा गावे खवळली. पुढे तडजोड झाली. शेतकऱ्यांच्याच पुढाकाराने पाणलोट शेती परिषद उभी राहिली, प्रत्येक शेताचा स्वतंत्र आराखडा करायचे ठरले, त्यात भाग घेणे ऐच्छिक ठेवले आणि खर्च शहराने उचलला. १९९७ साली शहर, राज्य, केंद्र आणि गावे यांच्यात मोठा करार झाला. शहराने हे औदार्यातून केले नाही. गाळण प्रकल्पाला ६ ते ८ अब्ज डॉलर लागतील असा अंदाज होता आणि पाणलोट राखणे त्यापेक्षा पुष्कळ स्वस्त होते. ओढ्याकाठचा पट्टा पडीक ठेवणाऱ्या शेतकऱ्याला दहा-पंधरा वर्षांच्या कराराने भाडे मिळते आणि गुरे ओढ्यात उतरू नयेत म्हणून कुंपण घालून दिले जाते.

‘मुठेचा पूर’ यांच्यासाठी एक मुद्दा राखून ठेवला होता. तेथील कॅनन्सव्हिल जलाशयात फॉस्फरस इतका वाढला होता की पाणलोटात नवीन सांडपाणी सोडण्यावर बंधने आली होती. तो खाली आला तेव्हा शेणखताची व्यवस्था आणि गावांच्या सांडपाणी केंद्रांची सुधारणा ही दोन्ही कामे एकाच काळात चालू होती. आधी कोण, हा वाद घालत कोणी थांबले नाही.

मुठेचा पूर

मुद्दा पोहोचला. माझा आग्रह एवढाच राहतो की भाडे कोणी द्यायचे याचे उत्तर ठरावात असावे. पाणी पिणारे शहर देणार, वरून सांडपाणी सोडणारी शहरे देणार, की शासन? न्यूयॉर्कच्या गोष्टीत पैसे देणारा कोण ते आधी ठरले, गवत नंतर उगवले.

कृष्णाकाठचा

सांगलीकडून एक सावधगिरीची सूचना. आमच्याकडे क्षार साचून चोपण झालेल्या जमिनींत सच्छिद्र नळ्यांची भूमिगत निचरा प्रणाली घालतात. जमीन सुधारते यात शंका नाही, मात्र त्या नळ्या थेट ओढ्यात सोडलेल्या असतात आणि त्यांतून नायट्रेट असलेले पाणी गवताच्या पट्ट्याखालून निघून जाते. आपल्या गावात असा निचरा झाला असेल तर नळीचे तोंड ओढ्यात न सोडता आधी पाणकणसाच्या उथळ डबक्यात सोडावे. चिखलात प्राणवायू नसतो, कुजणारा पालापाचोळा असतो, अशा ठिकाणी सूक्ष्मजीव नायट्रेटचे वायूत रूपांतर करतात.

वाळा

बरोबर. आता ओढ्याविषयी मला जे सांगायचे आहे ते सविस्तर लिहितो.

गेल्या काही वर्षांत ठिकठिकाणी ओढ्यांचे खोलीकरण आणि सरळीकरण झाले. पाणी साठले हे मान्य केले तरी पोकलेनने काठावरची करंज, उंबर, जांभूळ, निर्गुडी आणि तळातला लव्हाळा सर्व खरवडून काढले. वळणे गेली, पाण्याचा वेग वाढला आणि गाळ गाळून घेणारी जी फुकटची यंत्रणा होती ती गेली. म्हणून मी ग्रामसभेला सुचवेन की जलाशयाच्या काठाऐवजी गावातून जलाशयाला मिळणारे ओढे निवडावेत. ओढ्याच्या दोन्ही काठांना जमेल तेवढ्या रुंदीचा पट्टा राखावा. त्यात पाण्याजवळ वाळा आणि लव्हाळा, मधल्या भागात मारवेल किंवा पवना गवत आणि वर झाडे, अशी रचना ठेवावी. ओढा जलाशयाला मिळण्यापूर्वी सपाट जागा पाहून एक-दोन ठिकाणी उथळ पाणथळ करावी. तिच्या तोंडाशी गाळ बसण्यासाठी खोल खड्डा असावा, पुढे गुडघाभर पाण्यात पाणकणीस आणि कर्दळ असावी. खड्ड्यातला गाळ दर उन्हाळ्यात काढून शेतात न्यावा. धरणातला गाळ शेतात नेण्याची योजना राज्यात २०१७ पासून आहेच, आपण तो धरणात जाण्याआधीच उचलायचा.

मोठ्या पुरात यातले फार काही चालणार नाही, हेही ठरावाच्या वेळी स्पष्ट सांगावे. पाणथळीचा खरा उपयोग पहिल्या पावसांच्या गढूळ पाण्यासाठी आणि सिंचनाच्या वाहत्या पाण्यासाठी आहे. पुराचे पाणी बाजूने काढून देण्याची सांड ठेवली नाही तर एकाच रात्रीत सर्व गाळ जलाशयात जाईल.

नवखा

नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला असेच काहीसे आपोआप झाले आहे ना? बंधारा गाळाने भरला, पाणथळ झाली, पक्षी आले आणि २०२० मध्ये ते राज्यातले पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ) म्हणून जाहीर झाले.

वाळा

होय, आणि बंधाऱ्याची साठवण गेली ती वेगळीच. उजनीच्या पोटात तसे होण्यापेक्षा ते लहान प्रमाणात ओढ्यावर व्हावे, असे माझे म्हणणे आहे. भिगवणच्या रोहितपक्ष्यांना वाईट वाटू नये, त्यांना उथळ पाणी पुरेसे शिल्लक राहील.

पाणकाठ

सर्वांचे आभार. चर्चेनंतर ठरावाचा मसुदा असा बदलला आहे. जलाशयकाठचा सलग पट्टा काढून टाकला आहे. गावातून जाणारे दोन ओढे घेतले असून त्यांच्या काठचा पट्टा शक्यतो सरकारी आणि गायरान हद्दीतच राखायचा आहे. जेथे खासगी जमीन लागेल तेथे भरपाईची तरतूद होईपर्यंत सक्ती नाही. गाळपेरात खत न घालण्याची अट भाडेपट्ट्यात यावी, अशी शिफारस जलसंपदा विभागाकडे करायची आहे. माती परीक्षणाशिवाय स्फुरद न देणे आणि सप्टेंबरचा नत्राचा हप्ता विभागून देणे, हे ठरावात न घेता शेतकरी गटाच्या पातळीवर ठेवले आहे, कारण ग्रामसभेने कोणाच्या पोत्यावर ठराव करणे आम्हाला बरे वाटले नाही. खर्चाबाबत सोलापूर महापालिकेला एक पत्र जाईल.

एक प्रश्न राहतो. ‘सरोवरशास्त्र’ म्हणाले तसे गवत कापून बाहेर नेले पाहिजे. दरवर्षी ते कोण कापणार?

खोडवा

मजुरी देऊन कापून घेण्याच्या भानगडीत पडू नका, एका वर्षात निधी संपेल. गवताचा जाहीर लिलाव करा, दूध घालणारे आपणहून येतील. फक्त लिलावाच्या अटीत दोन गोष्टी लिहा: गुरे पट्ट्यात सोडायची नाहीत, गवत कापूनच न्यायचे, आणि पहिली कापणी पावसाळा संपल्यावर, कारण पावसाळ्यात ते उभे असले तरच माती अडेल. ठराव मात्र जूनच्या आत करून घ्या. आडसालीच्या लागणी सुरू झाल्या की सभेला कोणी येत नाही.

सोलापुरी चादर

महापालिकेला पत्र पाठवाल तेव्हा त्याची एक प्रत मलाही द्या. आमच्या प्रभागाच्या नगरसेवकांकडे मी ती घेऊन जातो. पाणीपट्टी भरणारा माणूस स्वतः ‘यातले काही पैसे वर पाठवा’ म्हणतो आहे, असे त्यांनी बहुधा प्रथमच ऐकले असेल.